शशीताईंचं अर्धं डोकं

शशीताईंच्या डोक्याची डावी आणि उजवी बाजू मी कधी एकसारखी पाहिली नव्हती. डावीकडचे केस फुगून कानावर आलेले असत आणि उजवीकडचे टाळूला चिकटून गप्प बसलेले असत. पुढच्या महिन्यात बघावं तर डावीकडचेही बसलेले, आणि वर पांढरट थर. नवीन बाई पहिल्यांदा समोर आली की बोलता बोलता तिची मान नकळत तिरकी व्हायची. ताई शांतपणे म्हणायच्या, "मान सरळ ठेवा. माझंच डोकं वाकडं आहे."

भिवंडीजवळ राहनाळच्या रस्त्यावर टेम्पोचे पार्ट विकणाऱ्या दुकानाला लागून त्यांचं पार्लर आहे. नाव 'उभारी'. आत दोन खुर्च्या, एक मोठा आरसा, कोपऱ्यात बुद्धाची छोटी मूर्ती आणि भिंतीवर तीन फळ्यांचं कपाट. वरच्या फळीवर चिठ्ठी लावलेली, 'पास'. मधल्या फळीवर 'चालू'. खालच्या फळीवर 'नापास'. खालची फळी नेहमी गच्च भरलेली. नापास झालेली बाटली त्या फेकत नसत. म्हणत, "फेकली की विसरायला होतं. मग तीच नाव बदलून परत येते."

तर नियम असा होता. कोणतंही नवीन शाम्पू, फेस, स्प्रे दुकानात आलं की आधी तीन आठवडे ताईंच्या डाव्या बाजूला. उजव्या बाजूला फक्त साधं पाणी आणि रिठा. उजव्या बाजूला त्या 'साक्षीदार' म्हणायच्या. साक्षीदार नसला तर फरक पडला की नाही ते कसं कळणार, हा त्यांचा प्रश्न मला आजही बिनतोड वाटतो.

एवढा खटाटोप कशासाठी, असं मी सुरुवातीला विचारलं होतं. त्या माझे केस धूत होत्या. माझं डोकं बेसिनमध्ये, तोंड छताकडे.

"कंपन्या सशावर करून बघतात, वहिनी. डोळ्यात घालतात. आपल्या डोळ्यात जरा साबण गेला तर आपण नळ शोधत धावतो. त्याला कुठला नळ?"

"पण म्हणून तुम्ही स्वतःवर?"

"कुणावर तरी करायलाच लागतं. ससा बोलत नाही, मी बोलते. माझ्यावर केलेलं बरं."

रोज सकाळी शटर उघडलं की त्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावून पंचशील म्हणायच्या. पहिलंच शील कुठल्याही जिवाची हिंसा न करण्याचं. "पहिल्यावरच अडखळलो तर पुढची चार कुठल्या तोंडाने म्हणायची?" असं त्या विचारायच्या. मी एकदा खोचकपणे म्हटलं की ताई, तुम्ही कोन गावच्या, खाडीकाठच्या, रविवारी तुमच्या डब्यात सुकटीची चटणी असते, तिचं काय? त्यांनी कंगवा धुतला, पुसला आणि म्हणाल्या, "त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण एक चूक सुटत नाही म्हणून दुसरी पण करायची का?"

माझी त्यांची ओळख व्हायला माझे केस कारण झाले. मी राहनाळलाच एका गोडाऊनच्या ऑफिसात आहे. माल आत आला की त्याची नोंद करायची, हे माझं काम. दिवसभर डोक्यावर सेफ्टी टोपी. आधीच माझे केस रेशमाच्या धाग्यासारखे बारीक, त्यात टोपी. संध्याकाळी टोपी काढली की डोक्यावर रंग दिल्यासारखे दिसायचे. माझ्या सासूबाई अस्सल राहनाळच्या, जुन्या वळणाच्या. त्या एकदा माझी वेणी हातात धरून म्हणाल्या होत्या, "सूनबाई, ही येनी हाय का नाडी?" वाईट हेतू नव्हता, पण मला ते लागलं होतं.

शशीताईंनी पहिल्याच दिवशी माझे केस चिमटीत धरून उजेडाकडे नेले आणि म्हणाल्या, "बारीक आहेत, बिचारे नाहीत."

हे त्यांचं आवडतं वाक्य. केस कमी असणं वेगळं आणि बारीक असणं वेगळं, हे त्या प्रत्येक बाईला पहिल्या दिवशी शिकवायच्या. मग पुढचा धडा, "मुळाला धीर, टोकाला माया." म्हणजे शाम्पू मुळाशी, कंडिशनर फक्त टोकांना. बारीक केसाला वजन सोसत नाही. तेल थापायचं नाही. केस वाळवताना मान खाली घालून, केस पुढे सोडून, मुळातून उलट्या दिशेने वाळवायचे. आणि भांग बदलायचा. "वीस वर्षं एकाच वाटेने चाललं की तिथे गवत उगवत नाही," असं म्हणून त्यांनी माझा भांग दोन बोटं डावीकडे सरकवला. मी घरी गेले तेव्हा नवऱ्याने विचारलं, "तुझी उंची वाढली का?" त्याला नेमकं काय बदललं ते शेवटपर्यंत कळलं नाही. पण मला पुरे होतं.

बाजारातल्या बाटल्यांपेक्षा त्यांचा खरा भरवसा जवसावर. जवस उकळायचं, फडक्यातून पिळायचं, तो चिकट रस ओल्या केसांच्या मुळाशी बोटांनी लावायचा आणि वर रोलर. गोडाऊनच्या पॅकिंगवरच्या बायका, भिवंडीतून येणाऱ्या लूमवाल्यांच्या बायका, सगळ्यांना तोच चीक. शबाना नावाची एक बाई तर तो डब्यात भरून घरी न्यायची. म्हणायची, "ताई, इसका नाम तो रखो कुछ." ताई म्हणाल्या, "जवस. नाम पहले से है."

आणि फोन. बाटलीवर छापलेल्या नंबरावर त्या हमखास फोन लावायच्या. खुर्चीवर ओल्या केसांची बाई बसलेली, आणि ताई एका हातात ड्रायर, दुसऱ्या हातात मोबाईल धरून पलीकडच्या पोराला हळू आवाजात विचारतायत, "भैया, ये किसके आँख में डाल के देखा?" तो पोरगा बाटलीचे फायदे वाचून दाखवायचा. ताई सगळं ऐकून घ्यायच्या आणि पुन्हा तेच विचारायच्या. आवाज कधी चढला नाही. माझ्या समोर एकदा पलीकडून कुणीतरी फोन ठेवून दिला, तेव्हा त्यांनी ती बाटली खालच्या फळीवर ठेवली. "ज्याला सांगायला लाज वाटते, त्याने केलेलं असतं," एवढंच म्हणाल्या.

लोक हसायचे. माझ्या सासूबाई एकदा माझ्याबरोबर पार्लरात आल्या, ताईंकडे बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "शशी, डोकं हाय का शेत? अर्धं नांगरलंस, अर्धं न्हाय." ताई गंभीरपणे म्हणाल्या, "आई, अर्धं पडीक ठेवल्याशिवाय पिकाची किंमत कळत नाही." सासूबाईंना शेतीतलं उत्तर पटलं. घरी येताना म्हणाल्या, "बाय येडी हाय, पन हुशार येडी हाय."

ही हुशार वेडी एकटी राहते, हे मला ठाऊक होतं. नवरा वारला होता, मुलगी लग्न होऊन नाशिकला. पण ते ठाऊक असणं म्हणजे तालुक्याचं नाव ठाऊक असण्यासारखं होतं. मी कधी त्यात डोकावले नव्हते.

मग माझ्या धाकट्या दिराचं लग्न ठरलं.

आमच्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी. हल्ली हळदीला ड्रोनवाला लागतोच. दोन वर्षांपूर्वी माझ्या चुलत दिराच्या हळदीत त्या ड्रोनने वरून शूटिंग केलं होतं. सगळं गाव मोठ्या पडद्यावर तो व्हिडिओ बघत होतं, आणि त्यात नाचणाऱ्या बायकांच्या मधोमध माझा भांग दिसत होता. गावातली नवीन सिमेंटची सडक आणि तो भांग, दोन्ही एकाच रुंदीचे. कुणी काही बोललं नाही. माझ्या जावेने फक्त माझ्या हातावर हात ठेवला, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

त्यामुळे यंदा मी ठरवलं होतं.

हळदीला दहा दिवस राहिले असताना मी पार्लरात गेले. तिथे एक सेल्समन उभा होता. हातात निळी बाटली. मुळाशी मारायचा स्प्रे, पाच मिनिटांत केस दुप्पट. मोबाईलवर तो व्हिडिओ दाखवत होता. एक बाई स्प्रे मारते, डोकं झटकते, आणि केसांचं जंगल होतं. मी बघतच राहिले.

"ताई, प्राणियों पे टेस्ट नहीं है," तो म्हणाला. "देखिए, ससा आहे ना बाटलीवर."

ताईंनी चष्मा लावून तो ससा पाहिला. "नुसता काढलाय, की विचारून काढलाय?"

सेल्समनला प्रश्न कळला नाही. दोन बाटल्या नमुन्याच्या ठेवून तो गेला. ताईंनी मागचा नंबर लावला. घंटा वाजत राहिली, कुणी उचललं नाही. त्यांनी बाटल्या मधल्या फळीवर ठेवल्या. 'चालू'.

"ताई, मला हाच मारा हळदीला," मी म्हटलं.

"तीन आठवडे लागतील, वहिनी."

"दहा दिवसांवर हळद आहे."

"मग जवस आहे, रोलर आहेत. छान करून देते."

"ताई, जवस तीन तास टिकतं. हळद पहाटेपर्यंत चालते. सगळीकडे हेच वापरतात. एकदा मारलं तर काय होणार आहे?"

"काय होणार ते माहीत नाही, म्हणून तर," त्या म्हणाल्या.

मी चिडले होते. दोन वर्षांपूर्वीचा तो पडदा माझ्या डोळ्यांसमोर होता. माझ्या तोंडून निघून गेलं, "तुम्हाला कुठे जायचं नसतं, कुणी बघायला नसतं. म्हणून तुम्हाला तीन आठवडे थांबता येतं. अर्धं डोकं घेऊन फिरता येतं."

त्यांनी ड्रायर बंद केला. माझे मागचे केस अजून ओले होते. त्या म्हणाल्या, "उरलेले वाळवते. बसा." आणि उरलेले केस त्यांनी तितक्याच काळजीने, मुळातून उलट्या दिशेने वाळवले. मी पैसे ठेवून निघाले. मागे वळून बघितलं नाही.

चार दिवसांनी माफी मागायची म्हणून मी जेवणाच्या सुट्टीत गेले, तर शटर खाली. पार्टवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "ताई दोन दिवस आल्या नाहीत. परवा डोक्याला फडका बांधून रिक्षात बसल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, काही नाही, परीक्षा चालू आहे."

मी अर्धी रजा टाकली आणि कोनची रिक्षा धरली.

त्यांचं घर मी पहिल्यांदाच पाहत होते. कल्याण रस्त्यापासून आत, एका इमारतीत तळमजल्यावर दोन खोल्या. दार त्यांनीच उघडलं. डोक्याला सुती ओढणी गुंडाळलेली, चेहरा सुजलेला, कपाळाच्या कडेला लाल रेघ. मला बघून त्यांना आश्चर्य वाटल्याचं दिसलं नाही.

"आलात ते बरं झालं," त्या म्हणाल्या. "निरोप देणारच होते. ते नाही वापरायचं."

त्यांनी मला पाणी दिलं आणि सगळं क्रमाने सांगितलं. अर्ध्या डोक्यावर, रोज थोडं, असं केलं तर तीन आठवडे लागतात. पण संपूर्ण डोक्यावर, दिवसातून दोनदा, जास्त प्रमाणात मारलं तर काय ते चार-पाच दिवसांत कळेल, असं त्यांनी ठरवलं. म्हणजे हळदीच्या आधी मला उत्तर देता आलं असतं. तिसऱ्या दिवशीच डोकं पेटलं. मागच्या बाजूला फोड आले, एका जागी केस मुळासकट हातात आले. कोनच्याच डॉक्टरांनी गोळ्या आणि मलम दिलं होतं.

"साक्षीदार ठेवला नाही तुम्ही?" मी विचारलं. विचारायला नको ते विचारलं.

"वेळ नव्हता," त्या म्हणाल्या. "आणि तुमच्या डोक्यावर मारायचं तर पूर्णच मारणार होतो ना."

"ताई, मी त्या दिवशी जे बोलले—"

"बोललात ते काही खोटं नव्हतं. बसा, चहा टाकते."

त्या आत गेल्या. तेवढ्यात मोबाईल वाजला. नाशिकहून मुलीचा व्हिडिओ कॉल. ताई लगबगीने बाहेर आल्या, ओढणी सोडली, पुढचे केस हाताने नीट केले आणि फोन चेहऱ्यापुढे असा काही धरला की कपाळाच्या वर काही दिसू नये. सर्दी झालीय, तोंड जरा सुजलंय, बाकी ठीक, असं म्हणाल्या. नातवाने काहीतरी दाखवलं, त्यावर हसल्या. फोन ठेवल्यावर ओढणी पुन्हा बांधू लागल्या, आणि मान वळली तेव्हा मला मागचं डोकं दिसलं. लिंबाएवढा उघडा डाग, कडेने सुकलेले फोड, आणि मलम त्या डागापासून चार बोटं लांब, निरोगी केसांत थापलेलं.

"ताई, मलम भलतीकडेच लागलंय."

"अंदाजाने लावते," त्या म्हणाल्या. "मागचं दिसत नाही. दोन आरसे समोरासमोर धरले तर दिसतं. पण दोन्ही हातांत आरसे धरले की मलम लावायला हात उरत नाही."

हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही. पार्लरातली एखादी अडचण सांगावी तसं सांगितलं. मी उठले, त्यांच्या हातातून मलमाची ट्यूब घेतली आणि म्हटलं, "खाली बसा."

त्या पाटावर बसल्या. मी पलंगावर, त्यांच्या मागे. मला कुणाच्या डोक्याला हात लावायची सवय नव्हती. बोट टेकवलं तेव्हा त्या जरा दचकल्या. मला वाटलं दुखलं. म्हटलं, "जोरात लागलं का?"

"नाही," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "हे गेल्यापासून माझ्या डोक्याला कुणाचा हात लागला नव्हता. अकरा वर्षं झाली. मी मोजत नव्हते. आत्ता लक्षात आलं."

मी मलम लावत राहिले. पार्लरात एखाद्या बाईचा स्वतःच्या केसांतला कंगवाही चुकीच्या दिशेने फिरला तर त्या पलीकडच्या खुर्चीवरून टोकायच्या. मी बहुधा सगळंच चुकीचं करत होते. त्यांनी एकदाही टोकलं नाही.

हळदीच्या दिवशी दुपारी त्या आमच्या घरी आल्या. डोक्याला पिवळी ओढणी बांधून, हातात रोलरची पिशवी आणि जवसाचा डबा. मी नको म्हणत होते. त्या म्हणाल्या, "हात ठीक आहेत माझे." तासभर खपल्या. सासूबाईंना सगळी हकीकत मी सांगितली होती. त्या ताईंसमोर जेवणाचं ताट घेऊन बसल्या आणि ताईंनी शेवटचा घास खाईपर्यंत उठल्या नाहीत. ताई निघाल्या तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "शशी, आता असा येडेपना करू नको गो." ताई म्हणाल्या, "नाही करत, आई." दोघींनाही ते खरं नाही हे माहीत होतं.

माझे केस त्या व्हिडिओत बऱ्यापैकी दिसतात. जवस तीन तास टिकलं. त्यानंतर हळदीने सगळ्यांचेच केस चिकटले, त्यामुळे कुणाचं कुणाला कळलं नाही.

पुढच्या सोमवारी 'उभारी' उघडलं. ताईंनी ओढणी काढून ठेवली. येणाऱ्या प्रत्येक बाईला पाठ वळवून तो डाग दाखवला आणि निळ्या बाटलीचं नाव सांगितलं. शबाना म्हणाली, "ताई, छुपाओ ना, लोग क्या कहेंगे, पार्लरवाली के ही बाल गिर गए." ताई म्हणाल्या, "छुपाया तो गिरने का फायदा क्या?" सेल्समन परत आला तेव्हा त्यालाही त्यांनी काही न बोलता पाठ दाखवली. मग तो दुसरी न उघडलेली बाटली उचलून, 'सॉरी ताई' म्हणून निघून गेला.

मी रोज जेवणाच्या सुट्टीत जात होते. ताई शटर अर्धं ओढायच्या, ग्राहकांच्या खुर्चीत बसायच्या आणि मान पुढे करायच्या. मी मलम लावायचे. डॉक्टरांनी आणखी दहा दिवस सांगितले होते. एकदा त्यांनी त्यांच्या आईची आठवण सांगितली. कोनच्या जुन्या घरी, अंगणात पायरीवर बसवून आई त्यांची वेणी घालायची आणि वेणी संपली की डोक्यावर एक हलकी टपली मारायची, म्हणजे झालं, ऊठ. "ती टपली बसली की मला राग यायचा," त्या म्हणाल्या. "अजून थोडा वेळ घालत राहावी असं वाटायचं."

दहा दिवस झाले. अकराव्या दिवशी मी गेले तेव्हा डाग स्वच्छ होता. फोडांच्या खुणा गेल्या होत्या आणि कातडीवर नवीन केसांची बारीक लव आली होती, बाळाच्या डोक्यावर असते तशी. मलमाची ट्यूब पिळून पिळून चपटी झाली होती.

ताई खुर्चीत बसल्या होत्या. मान पुढे झुकलेली. समोरच्या आरशात त्यांचा चेहरा दिसत होता, डोळे मिटलेले.

"लाली गेली का हो वहिनी?" त्यांनी विचारलं.

मी तो डाग नीट पाहिला. उजेडाकडे मान वळवून पुन्हा पाहिला.

"नाही अजून," मी म्हटलं. "थोडी आहे. चार-पाच दिवस लावायला लागेल."

त्यांनी डोळे उघडले नाहीत. "बरं," म्हणाल्या, आणि मान आणखी थोडी खाली घातली.